घरचीच टीचर

महाळुंगे पडवळमध्ये मी बालवाडी चालवते, असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे बालवाडी टीचर चालवते. मी किल्ली सांभाळते, पालकांसमोर गोड हसते आणि टीचर सोडून गेली की नवी शोधते. हे शेवटचं काम इतक्यांदा करून झालंय की आमचे हे एकदा म्हणाले, तू बालवाडी काढलीयस की एसटीचा थांबा? येणारी प्रत्येक जण पर्स मांडीवर घेऊनच बसते आणि गाडी आली की निघते.

मला राग आला, पण त्यात खोटं काही नव्हतं. एक टीचर पोलीस भरतीत निवडली गेली. तिला पळायचा सराव आमच्याच पोरांमागे झाला, असं मी अजून चारचौघांत अभिमानानं सांगते. एक लग्न होऊन चाकणला गेली. एकीला मंचरच्या इंग्रजी शाळेनं उचललं. तिथं पिवळी बस आहे, शिक्षिकांना एकसारख्या साड्या आहेत आणि निवांत चहा प्यायला वेगळी खोली आहे. एक तर डबा विसरला म्हणून घरी गेली, ती अजून डबाच शोधतेय. पगार मला परवडेल तेवढा मी वाढवला होता. परवडेल तेवढा म्हणजे किती, हे न विचारलेलं बरं.

बालवाडी आमच्या घराला लागूनच आहे. रस्त्याकडेच्या दोन खोल्या, तिथं पूर्वी खताच्या गोण्या असायच्या. मी डी.एड. झालेली, नोकरी काही लागली नाही, आणि शिक्षण तर वाया जाऊ द्यायचं नव्हतं. मग खोल्यांना रंग दिला, भिंतीवर स्वतःच्या हातानं हत्ती काढला, ज्याला पोरं आजही म्हैस म्हणतात, आणि दारावर ‘संस्थापिका’ लिहून पुढे माझं नाव टाकलं. अक्षर मोठं काढल्यामुळे बालवाडीच्या नावाला जागा कमी पडली.

त्या पोरांत एक चिमुरडी होती. तिची आई दुसऱ्यांच्या रानात कांदा-बटाट्याच्या कामाला जायची आणि जाताना तिला आमच्याकडे सोडायची. ही पोर पाठीवरचं दप्तर उतरवायची नाही. खाऊ खाताना, चित्र काढताना, दुपारी आडवी झाली तरी दप्तर पाठीवरच. आणि नवी टीचर आली की तिच्यासमोर उभी राहून शांतपणे विचारायची, “तू कधी जाणार?”

त्यात उद्धटपणा नव्हता. पावण्याला विचारावं तसं विचारायची. मला मात्र ते लागायचं. एवढंसं लेकरू, आणि माणसं जातात ही एकच गोष्ट ते माझ्या बालवाडीत पक्की शिकलं होतं. बाकी आमची अक्षरओळख वगैरे बेताचीच होती.

मग निरगुडसरची नवी टीचर आली. स्कूटीवरून यायची, ओढणी कमरेला बांधायची आणि पोरांशी बोलताना जमिनीवर बसायची. पहिल्याच दिवशी चिमुरडीनं तिला तो प्रश्न विचारला. मी दारात उभी होते. ती म्हणाली, “तुजी आई आली का मग जाणार. आपण दोगी संगंच निगू.” पोरीनं थोडा विचार केला. दप्तर उतरवलं आणि खुंटीला अडकवलं.

त्याच क्षणी मी ठरवलं, हिला सोडायचं नाही. काहीही झालं तरी ही टिकली पाहिजे. आणि मी एकदा मनावर घेतलं की काय होतं, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. माझ्या कृपेनं आमच्याकडची कढीपत्त्याची चार झाडं जास्त पाणी पिऊन मेलेली आहेत.

योगायोगानं तेव्हाच पुण्याला बालवाडी चालवणाऱ्यांचं एक शिबिर होतं. तिथं पडद्यावर चित्रं दाखवत एका बाईंनी सांगितलं, की शिक्षिका फक्त पगारासाठी सोडून जात नाहीत, त्यांना आपलेपणा मिळत नाही म्हणून जातात. त्यांना आपलंसं करा. बाकीच्या जणी माना डोलवत होत्या, मी मनात हसत होते. आपलंसं करणं आम्हाला कुणी शिकवावं? आमच्याकडे पावणा आला की आधी पाणी, मग चहा, मग जेवल्याशिवाय सोडत नाहीत. दुसऱ्यांदा आला की त्याला गप्पा मारता मारता शेंगा फोडायला बसवतात. तिसऱ्यांदा आला की तो घरचाच, त्याला गुरांना पाणी पाजायला सांगायला कुणी लाजत नाही.

परत आल्या आल्या मी तिला सांगितलं, मॅडम म्हणायचं नाही, काकू म्हणायचं. डबा आणायचा नाही, इथंच जेवायचं. ती आधी नको म्हणाली, मग हो म्हणाली. आता जेवायला स्वयंपाकघरात आलेली पोर नुसती ताटावर कशी बसेल? ती भाकऱ्या थापायला लागली. सुरेख थापायची. माझ्यापेक्षा सुरेख, त्यामुळे ते काम तिच्याकडेच राहिलं.

मग माझं ‘अगं, जरा’ सुरू झालं. ओट्यावरून मी हाक द्यायचे. अगं, जरा दूध उतू जातंय का बघ. अगं, जरा मोबाईलवरून लाईट बिल भर, मला ते जमत नाही. अगं, कांदा साठवणीच्या बराखीत भरायचाय आणि बायका कमी आहेत, पोरांना जरा झोपव आणि ये. पोरांना झोप आलेली नसायची, पण त्यांना झोपवलं जायचं. वर्गात गाणं चाललेलं असो की गोष्ट, माझं ‘अगं’ आलं की ते तिथंच थांबायचं, आणि ती ओढणी सारखी करत यायची. कधी नाही म्हणाली नाही. मी शेजारणींना सांगायचे, टीचर म्हणून ठेवली होती, आता आमच्या घरचीच झाली.

एकदा पोरं वर्गात टीचर-टीचर खेळत होती. एक पोरगी टीचर झाली होती आणि बाकीच्यांना गाणं शिकवत होती. कोपऱ्यात एक पोरगा कमरेवर हात ठेवून उभा होता. तो मधेच ओरडला, “अगं, जरा ये गं!” की टीचर झालेली पोरगी सगळं टाकून पळाली आणि खेळ संपला. मला इतकं कौतुक वाटलं की मी ते मोबाईलवर टिपलं आणि पालकांच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, ‘आमच्या बालवाडीतलं खेळीमेळीचं वातावरण’.

आपलेपणात काही कमी राहू नये म्हणून तिला भीमाशंकरला नेलं. खास टीचरसाठी सहल, असं मी गावभर सांगितलं. जीप जातच होती, म्हणून बरोबर सासूबाई घेतल्या, नणंदा घेतल्या, नणंदांची पोरं घेतली. टीचर मागच्या बाकावर बसली. घाटात पोरांना उलट्या झाल्या, त्या तिनं सांभाळल्या. पायऱ्या उतरताना सासूबाईंचा हात तिच्याच हातात होता आणि त्यांच्या चपलाही. येताना मी पुढून मान वळवून तिला म्हटलं, बघ, कुठल्या नोकरीत असं मिळतं का? ती म्हणाली, “न्हाई काकू. कुटंच मिळत न्हाई.” मी ते वाक्य कितीतरी दिवस मिरवलं.

आणि मग भोसरीचं स्थळ आलं. कंपनीत कायम नोकरी, स्वतःचा फ्लॅट. तिनंच पोहे खाता खाता सहज सांगितलं, आणि माझ्या घशात पोहा अडकला. त्या रात्री मला झोप आली नाही. भोसरी म्हणजे गेलीच की. डोळ्यांसमोर ती खुंटी यायची आणि दप्तर पुन्हा पाठीवर चढलेलं दिसायचं.

सकाळी उठले ती तोडगा घेऊनच. पोरीचं लग्न होऊन ती जाणार, हे तर अटळ. मग ती जिथं जाईल ते घर इथलंच असलं की झालं. समोर, रस्त्यापलीकडे माझी थोरली जाऊ राहते. मी तिला आक्का म्हणते. तिचा मुलगा पदवीपर्यंत शिकलेला, फुलांची शेती करतो, निर्व्यसनी आहे, आणि तरीही त्याचं लग्न जमत नव्हतं. हल्ली आमच्याकडे शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळणं म्हणजे उन्हाळ्यातलं कालव्याचं पाणी. येतं, पण आपल्या रानाला येत नाही. आक्कानं सोमवार धरले होते, गुरुवारही धरले होते. मी जाऊन विषय काढला तर ती उपवासाची खिचडी तशीच टाकून उठली.

आता वाटतं, त्या दोघांचं जुळवायला माझी गरजच नव्हती. माझ्या ‘जरा’मुळे तिला निघायला अंधार व्हायचा. ऊस डोक्याच्या वर गेलेला, बिबट्या दर आठवड्याला कुणाचं तरी कुत्रं उचलायचा, म्हणून पुतण्या मोटरसायकल घेऊन तिच्या स्कूटीमागे निरगुडसरपर्यंत सोबत जायचा. बिबट्या एकदाही आडवा आला नाही, तरी तो न चुकता जात राहिला. पण हे मला फार नंतर कळलं. तोवर मी हे लग्न स्वतःच्या नावावर लावून मोकळी झाले होते.

बैठकीत मी मुलीच्या बाजूनं बसले. मुलाची काकूही मीच, त्यामुळे दोन्हीकडचे राग-लोभ मलाच सांभाळायचे होते. मानपान झाला, साड्यांचा विषय झाला, मंगल कार्यालय कुठलं घ्यायचं यावर बराच वेळ गेला. मुलीच्या वडिलांनी फक्त एकदा विचारलं, पोरीला शाळेची लई आवड हाय, ते तिचं पुढं चालू राहील ना? आक्का काही बोलायच्या आत मीच हसून उत्तर दिलं, की अहो, शाळा घरची, टीचर घरची, आता कोण कुणाला अडवतंय! सगळे हसले. चहा आला. विषय संपला.

लग्नात निरगुडसरला पाठवणीच्या वेळी मी तिच्या आईच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडले. मग पुढच्या गाडीत बसून नवरीच्या आधी घरी पोचले आणि माप ओलांडायला तिच्या स्वागताला दारात उभी राहिले. आमचे हे म्हणाले, एकाच दिवसात दोन्हीकडचं रडणं-हसणं उरकणारी तू पहिलीच असशील. मी लक्ष दिलं नाही. मी जिंकले होते. टीचर आता रस्ता ओलांडला की बालवाडीत.

सत्यनारायण झाला, जेजुरी झाली, जागरण-गोंधळ झाला. मी म्हटलं, नव्याची नवलाई आहे, होऊ दे. मग त्यांच्याकडे गाय व्याली. मग फुलांचा हंगाम आला. आक्काला मी रोज विचारायचे आणि आक्का रोज म्हणायची, “उद्या धाडते की. घरचीच हाय आता, जाती कुटं?” हे वाक्य मला फार ओळखीचं वाटायचं, पण कुठं ऐकलंय ते आठवायचं नाही.

मधल्या काळात वर्ग मीच घेतला. डी.एड. झालेली बाई मी, चार पोरं सांभाळायला काय लागतं? पहिल्या दिवशी एकानं मला चावा घेतला, दुसऱ्यानं माझा चष्मा म्हशीला, म्हणजे माझ्या हत्तीला, लावून पाहिला. मी गाणं म्हटलं तर पोरं एकमेकांकडे बघायला लागली. आणि चिमुरडी समोर येऊन उभी राहिली, पाठीवर दप्तर. “तू कधी जाणार?” खरं उत्तर ‘आत्ता, या क्षणी’ असं होतं. मी म्हटलं, बस गं बाळा. ती बसली, दप्तरासकट.

शेवटी मी आक्काला स्पष्टच बोलले, की लग्नाआधी ठरलं होतं. ती म्हणाली, काय ठरलं होतं, कुणी ठरवलं होतं? ठरवणारी मीच होते आणि मी काहीच ठरवलं नव्हतं. आक्काचे गुडघे गेलेत, गोठा तिला होत नाही, हे मलाही दिसत होतं. ती शांतपणे म्हणाली, “तुला टीचर दुसरी मिळंल. मला सून दुसरी मिळंल का?”

मग मी गोठ्यात गेले. ती पदर खोचून शेण काढत होती. मी गव्हाणीपाशी उभं राहून कुजबुजले, अगं, तूच जरा तुझ्या आत्याला समजावून सांग की, तुला यायचंय म्हणून. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. तिनं घमेलं खाली ठेवलं. इतक्या दिवसांत तिनं मला कधी तोडून उत्तर दिलं नव्हतं, त्यादिवशीही आवाज चढवला नाही.

“काकू, हितं आत्या हाका मारत्यात, तितं तुमी मारत व्हत्या. हाक कुणी मारायची, तेवढंच बदललंय बगा.” मग पदर पुन्हा खोचत म्हणाली, “मला यायचंय. लई यायचंय. पण पोरं घरला जाईस्तवर मला कुणी हाक मारायची न्हाई. आत्यांनी न्हाई आन् तुमीबी न्हाई.”

मी तरातरा घरी आले. मला भयंकर राग आला होता. ह्यांना सगळं सांगितलं: जेवण सांगितलं, प्रेम सांगितलं, भीमाशंकर सांगितलं. काय कमी केलं मी तिला? हे सुपारी कातरत ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, त्या सहलीत ती देवळात दर्शनाला कधी गेली? मी आठवायला लागले. सासूबाई गेल्या, नणंदा गेल्या, मी दोनदा गेले. ती बाहेर पोरं आणि चपला घेऊन बसली होती. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला, म्हणून मी उगाच भांडी घासली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आक्काकडे गेले. म्हटलं, सकाळी तिला मोकळी सोड, पोरं गेली की ती तुझीच. आक्का म्हणाली, आन् गोठा कोण बघंल, तू? आता या प्रश्नाला इतिहास आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा डी.एड. म्हणून आले, आणि शिकलेल्या सुनेनं शेणात हात घालायचा नाही असं सासऱ्यांनी सांगितलं. तेव्हापासून एकत्र होतो तोवर सगळा गोठा आक्कानं केला. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही, पण विसरलीही नव्हती. तिच्या डोळ्यांत ते दिसलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “बघेन की मी.”

आक्का हसायला लागली. गुडघा धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, “उद्यापासून ये. मी खाट टाकून बघत बसते.”

आणि खरंच बसली. पहिल्या सकाळी मी घमेलं उचललं तेव्हा निम्मं शेण माझ्या साडीवर आलं. खाटेवरून सूचना येत होत्या: खालून हात घाल, शेपटीच्या बाजूनं उभी राहू नको. सूचना मिळेपर्यंत शेपटीनं आपलं काम केलेलं असायचं. पोरांना सोडायला आलेला एक पालक रस्त्यावर थांबून म्हणाला, “मॅडम, बालवाडी बंद केली का काय?” मी म्हटलं, नाही हो, त्याचंच काम चाललंय. तो गोठ्याकडे वळून वळून बघत गेला.

हे अजून चालू आहे. आक्काला आता खाटेवर बसायची सवय लागलीय, मला चहाही देते. टीचर सकाळी माझ्या अंगावरून बालवाडीत जाते, ओढणी नाही आता, पदर कमरेला खोचलेला असतो. ती माझ्याकडे बघून हसत नाही, आणि त्याबद्दल मी तिची आभारी आहे. दप्तराचं काय झालं ते मात्र मला गोठ्यातून दिसत नव्हतं. विचारायचं धाडसही नव्हतं, कारण विचारायचं तर तिला हाक मारावी लागली असती.

परवाची गोष्ट. मी घमेल्यात शेण भरत होते आणि नव्यानं व्यालेल्या गायीनं दावं तोडलं. ती सरळ पुतण्याच्या झेंडूत शिरली. आक्का देवळात गेलेली, पुतण्या मार्केटला. रस्त्यापलीकडे पोरांचं गाणं अगदी रंगात आलेलं. माझ्या दोन्ही हातांना शेण, समोर गाय झेंडू खातेय, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तोंडातून मोठ्यांदा निघालं, “अगं!”

गाणं थांबलं. एकदम, मधल्या शब्दावर. खिडकीत टीचरचा चेहरा दिसला, आणि तिच्याभोवती सगळी पोरं गोळा झाली. मी तोंड उघडं ठेवून उभी होते. पुढचा ‘जरा’ जिभेवर आलेला मी गिळला.

“गाईला म्हणाले,” मी ओरडले. “गाईला.”

टीचर तशीच उभी राहिली, तिला ते खरं वाटलेलं दिसेना. तेवढ्यात खिडकीच्या कडेला ती चिमुरडी दिसली. टाचा उंचावून गजांना धरून ती माझ्याकडे नीट बघत होती, आणि तिच्या पाठीवर काही नव्हतं. मग तिनं टीचरचा पदर ओढला.

“टीचर, तू बस,” ती म्हणाली. “ती गाईला म्हणली.”

टीचर बसली. गाणं पहिल्यापासून सुरू झालं. मी साडी वर खोचली आणि झेंडूत गायीच्या मागे लागले.